घार वर बघत नाही

प्रिय चिमणे,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते फोडलंच नसतंस, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतलाय. आत मात्र मीच आहे. ओळी वर चढत गेल्या असतील तर हसू नकोस, खाली पट्टी धरून लिहितोय तरी चढतात. आधीच सांगून टाकतो की घरी ये असं यात कुठेही लिहिलेलं नाही. खेळ सोड असं तर मुळीच नाही. हे पत्र तुझ्या खेळाबद्दल आहे. गेल्या दहा महिन्यांत तो का पडला हे तुला कळत नाहीये, तुझ्या कोचला कळत नाहीये, आणि मला ते कळलंय. हे वाचून तुझ्या कपाळाला पडलेली आठी मला इथून दिसतेय. ज्या माणसाला इतकी वर्षं तुझ्या खेळाचं नावसुद्धा धड घेता आलं नाही तो आता शिकवायला निघालाय, असंच तुला वाटणार. वाटू दे, पण शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडलंस तर माझ्याकडे दुसरा काही उपाय उरलेला नाही.

आधी माझी चोरी कबूल करतो. डोळ्यांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे अडीच वर्षं, दुपारचं जेवण झालं की मी तुझे सामने बघत बसतो. सगळे, तुमची टीम लोकांसाठी टाकते ते सरावाचेसुद्धा. तुमच्या या कॉम्प्युटरवरच्या खेळातली एक सोय मला फार आवडली. सामना संपल्यावरही तो जसाच्या तसा शिल्लक राहतो आणि बघणाऱ्याला दहापैकी कुठल्याही खेळाडूच्या डोळ्यांत जाऊन बसता येतं, कोपऱ्यात त्याचा चेहरा दिसतो आणि बोलणंही ऐकू येतं. सुरुवातीला कोण कुठल्या बाजूचा आणि गोळ्या कुठून येतायत, काही म्हणता काही कळायचं नाही. पहिल्या महिन्यात तर मी एक अख्खा सामना दुसऱ्याच कुणाला तू समजून बघितला आणि टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, इतक्या वर्षांनी कौतुक केलंत, तेही परक्या पोरीचं. मग मी रीतसर वही केली. आई त्या वहीला माझा दवाखाना म्हणते. चहा ठेवायच्या आधी विचारते, संपले का आजचे पेशंट?

माझा समज होता की अव्वल खेळाडू म्हणजे बोटांची चपळाई. म्हणून मी सामने पाव वेगाने लावून मोजत बसलो. तळाच्या टीममधल्या मुलांचीही बोटं तुझ्याइतकीच चालतात, काहींची तर जास्तच. फरक दुसरीकडे होता. तू खोलीत शिरायच्या आधी तुझी नजर खोलीत जाऊन आलेली असायची. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तो छोटा नकाशा असतो, त्याच्याकडे बाकीचे अडचणीत आल्यावर बघतात. तू दर तीन-चार सेकंदांनी बघायचीस, काही घडत नसलं तरी. हातात आलेली झुंज सोडून तू मागे फिरायचीस आणि मला कळायचं नाही का, मग दिसायचं की पलीकडे तुमच्यातला कुणीतरी एकटा सापडलाय. आणि एक गोष्ट मी वहीत तीनशेहून जास्त वेळा टिपलीय. मेल्यावर बाकीचे टेबलावर हात आपटतात, नाहीतर खुर्चीत मागे रेलतात. तू मेल्याच्या पुढच्या क्षणी शांत आवाजात सांगत असायचीस की दोघे जिन्यात आहेत, एक लंगडतोय, डावीकडून ये. स्वतःचा खेळ संपल्यावरही दुसऱ्यांसाठी बघत राहणारी माणसं मी दवाखान्यातही फार थोडी पाहिली. लोक तुला घार म्हणतात ते मला आधी आवडलं नव्हतं. घरात जिला चिमणी म्हणून हाक मारली तिची बाहेर घार व्हावी, हे कसंतरीच वाटायचं. आता वाटतं, ज्याने नाव ठेवलं त्याला अक्कल होती.

तुझा पहिला गेम मीच तुझ्या हातात दिला, हे मात्र तू मुलाखतींत कधी सांगत नाहीस. शाळा सुटली की तू दवाखान्यात माझ्या त्या अंधाऱ्या खोलीत यायचीस, आठवतं? पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं ते यंत्र. हनुवटी टेकवायची, मधल्या पिवळ्या दिव्यावरून नजर हलवायची नाही, आणि आजूबाजूला कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. मोठी माणसं पाच मिनिटांत कंटाळून मान काढायची. तू म्हणायचीस, अजून एकदा. मग यंत्रातून कागद निघायचा, त्यावर एक गोल. जिथलं दिसलं तिथे पांढरं, जिथलं दिसलं नाही तिथे काळं. त्या कागदावर खाली एक आकडा असतो, ठिपका नसताना उगाच किती वेळा बटण दाबलं त्याचा. तो फार झाला तर आम्ही सबंध तपासणी बाद धरतो, कारण अशा माणसाचं खरं दाबणंसुद्धा मग खरं मानता येत नाही. तुझा तो आकडा कायम शून्य असायचा. तू अकरा वर्षांची असतानाचा एक कागद मी जपून ठेवलाय, सगळा गोल पांढराशुभ्र. त्यावर तू पेन्सिलीने नाक आणि मिशा काढून खाली बाबा असं लिहिलंयस.

माझा तो आकडा किती, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. सहा वर्षांपूर्वीच्या त्या फोनबद्दल आपण कधीच बोललो नाही, तेव्हा आज मी एकटाच बोलतो. तुझी पहिली मोठी फायनल होती. कॉलेज सोडून तू गेली होतीस आणि दवाखान्यात जो तो मला विचारायचा की मुलगी काय करते. मला उत्तर देता येत नव्हतं, एवढीच खरी गोष्ट. मी आईला तुला फोन करायला लावला की बाबांच्या छातीत कळ आलीय, दवाखान्यात ठेवलंय, काही खरं नाही. ती दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा रडत रडत बोलली, आणि ते रडणं खरं असल्यामुळे तुला सगळंच खरं वाटलं. तू फायनलच्या सकाळी निघालीस. विमान, मग दोन बस. दारात आलीस तेव्हा मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होतो. तिकडे तुझी टीम पाचाऐवजी चौघांनी खेळली आणि हरली. तू आरडाओरडा केला असतास तर मला सोपं गेलं असतं. खांद्यावरची बॅगसुद्धा खाली न ठेवता तू एकच वाक्य बोललीस. "बाबा, यापुढे तुम्ही खरोखर आजारी पडलात तरी मला कळवू नका." आणि आल्या पावली गेलीस. मी कानाला खडा लावला. मनाशी म्हटलं, आजवर हिचं एक ऐकलं नाही, निदान हे एक ऐकायचं.

आता वहीकडे येतो. तू कशी मेलीस हे मी प्रत्येक सामन्यात लिहून ठेवतो. बाप म्हणून हे वाक्य लिहिताना कसं वाटतं ते सोड. मी एक गोल काढतो. मधोमध तू रोखून बघत असतेस ती जागा, आणि मारणारा पडद्यावर जिथे होता तिथे पेनाने एक टिंब. एकतीस वर्षं गोलच बघितले, हाताला दुसरं काही येत नाही. पूर्वीची तुझी दोनशे मरणं गोलभर विखुरलेली आहेत, कुठे दाट नाही की विरळ नाही. गेल्या दहा महिन्यांतली दोनशे अठरा झाली. त्यातली एकशे सत्तर वरच्या अर्ध्यात आहेत, आणि तीही कमानीसारखी, डावीकडून उजवीकडे वाकलेली. वरच्या खिडकीतला, गच्चीवरचा, जिन्याच्या टोकाचा. तो पडद्यावर स्पष्ट उभा असतो. पाव वेगाने, मान वर करून बघितलं की मला दिसतो, कॉमेंटेटरला तर सहज दिसतो. तू सरळ चालत जातेस. नकाशाकडेही तू वेळच्या वेळी बघतेस, म्हणजे नजर तिकडे उचलतेस, पण अर्धा क्षण उशिरा, आणि पूर्वी एका नजरेत जे टिपायचीस त्यासाठी आता दोनदा जातेस. आधी मला वाटलं माझ्या मोजण्यात चूक असेल. मी सगळं पुन्हा मोजलं. एकशे बहात्तर आली.

तुझ्या विरोधकांनी हे माझ्याआधी ओळखलंय. तुझ्याशी सामना असला की ते आता जिने चढतात. खाली कुणी थांबतच नाही. लोक काय काय लिहितात तेही मी वाचतो, वाचू नये हे कळतं तरी. घारीची कोंबडी झाली, वर बघायची विसरली. एकाने लिहिलं की घारीला मोतीबिंदू झालाय, त्याला चार हजार लोकांनी हसून दाद दिली. त्यांची काय चूक, त्यांना तो विनोद वाटतो. मी मात्र उठून वही काढली. मी कधी कधी पडद्यासमोर ओरडतो, वर बघ, वर, वर, आणि तो सामना आदल्या दिवशीच संपलेला असतो. आई आतून म्हणते, तिला ऐकू जाणार आहे का? मग ती येऊन माझ्याजवळ बसते आणि दोघं तुला पुन्हा एकदा मरताना बघतो.

मग तुला राखीव खेळाडूंत टाकल्याची बातमी आली आणि त्या पाठोपाठ तुझी मुलाखत. तू म्हणालीस की रोज चौदा तास सराव करतेय. आणि मग म्हणालीस, "मला खरंच कळत नाही. मी पूर्वीसारखीच बघते." चिमणे, हे वाक्य मी त्या अंधाऱ्या खोलीत एकतीस वर्षं ऐकलंय, रोज कुणा ना कुणाच्या तोंडून. डोळ्याचा भाग गेला की तिथे काळा पडदा येतो असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. काळं फक्त आमच्या कागदावर असतं. माणसाला तिथे भिंत असेल तर भिंत पुढे चालू राहिलेली दिसते, आकाश असेल तर आकाश. दिसत नाही, आणि दिसत नाही हेही दिसत नाही. चौदा तास काय, चोवीस तास सराव केलास तरी ते भरून येणार नाही. तू मात्र स्वतःला बोल लावत बसली आहेस, आणि मला इथे बसून ते ऐकावं लागतं.

तीन आठवड्यांपूर्वीच्या स्पर्धेला मी आलो होतो. हे आईलाही उशिरा सांगितलं. शेवटच्या रांगेत बसलो होतो, तुला दिसणार नाही असा. तू राखीव म्हणून बाजूला बसलीस, सगळा वेळ हातात माऊस नसताना बोटं हलवत. सामना संपला, तुम्ही स्टेजवरून उतरायला लागलात. जिन्याच्या तोंडाशी दिव्यांची एक आडवी दांडी होती, तुझ्या कपाळाच्या उंचीवर. तुझ्यापुढचे चौघे वाकून खालून गेले. तू ताठ चालत जाऊन तिच्यावर आपटलीस. चौघे हसले, तूही हसलीस, कपाळ चोळत. माझे वडील असेच हसायचे. त्यांचं डोकं घरातल्या प्रत्येक उघड्या कपाटाच्या दारावर आपटायचं आणि आम्ही सगळे त्यांना धांदरट म्हणायचो. त्यांची नजर साठाव्या वर्षी पूर्ण गेली, तोवर त्यांना कुणीही तपासलं नव्हतं. तुला हाक मारायला मी उठून उभा राहिलो होतो. तेवढ्यात तुम्ही पडद्यामागे गेलात.

त्यानंतर मी हातावर हात ठेवून बसलो नाही, एवढं मानशील ना? आधी आईने तुला फोन केला. डोळे तपासून घे, इतकंच म्हणाली, आणि तू म्हणालीस, आता बाबांनी नवीन काय पढवलंय? तिने फोन ठेवून दिला. तिचाही शब्द मीच खर्चून टाकलाय. मग मी तुझ्या कोचला सविस्तर लिहिलं, गोलांचे फोटो जोडले. दोन ओळींचं उत्तर आलं की चाहत्यांच्या सूचनांबद्दल आम्ही आभारी आहोत. मी चाहता आहे हे खोटं नाही म्हणा. शेवटी तुमच्या सरावाच्या इमारतीपाशी आलो. वॉचमन भला माणूस होता, त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, वर फोनही लावला. यादीत नाव नसेल तर सोडता येत नाही म्हणाला. कोण लागता, असं त्याने विचारलं तेव्हा मी ओळखीचा आहे म्हणून सांगितलं. दोन तास खुर्चीत बसलो. तुमच्या मजल्यावरच्या खिडक्यांना काळे पडदे होते.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. तीन वर्षांपूर्वी, माझ्या निवृत्तीच्या आधी, माझ्या जागी एक मुलगी शिकायला आली. तिला सरावासाठी कुणीतरी हवं होतं म्हणून मी यंत्रात हनुवटी टेकवली. एकतीस वर्षं त्या यंत्राशेजारी बसलो, आत एकदाही बसलो नव्हतो. कागद निघाला तो दोन्ही डोळ्यांचा वरचा अर्धा भाग काळा. मी तिलाच रागावलो, भिंग पुसायला लावलं, पुन्हा बसलो. तेच आलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली टिकते, वेळेवर औषध घातलं तर. आई सकाळ-संध्याकाळ थेंब घालते आणि म्हणते, डोळा उघडा म्हटलं की तुम्ही तोंड उघडता. डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी विचारलं होतं, मुलं किती? एक मुलगी, मी म्हटलं. तिला लगेच तपासून घ्या, घराण्यात आहे तर तरुणपणीही येतं, असं त्या म्हणाल्या. घेतो, म्हटलं मी. आणि घेतलं नाही. तुला कळवायचं म्हणजे मी आजारी आहे हे कळवणं आलं, आणि तू पुन्हा तेच का असं विचारशील याची मला भीती वाटली. तुझ्या घारीच्या नजरेला काय होणार, अशी मी माझी समजूत घातली. तेव्हा सांगितलं असतं तर तुझा बहुतेक गोल आज पांढरा असता. हे मला कुणी म्हणून दाखवायची गरज नाही, रोज दुपारी वही उघडली की मीच म्हणतो.

म्हणून हे पत्र. आयुष्यात तुझं एकच ऐकलं आणि तेच नेमकं ऐकायला नको होतं. आज ते मोडतोय. मी आजारी आहे, चिमणे, आणि हे तुला कळवतोय. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायचं तोंड मला नाही, म्हणून सोबत तीन कागद घातलेत. पहिला तुझा, अकरा वर्षांची असतानाचा, मिशा काढलेला. दुसरा माझा, तीन वर्षांपूर्वीचा. तिसरा तुझ्या दहा महिन्यांच्या मरणांचा, पातळ कागदावर, तेवढ्याच मापाचा. दुसरा आणि तिसरा एकावर एक ठेव आणि खिडकीशी उजेडात धर. त्यात माझा शब्द कुठेच नाही, टिंबं सगळी तुझी आहेत, तुझ्याच सामन्यांतली, हवी तर स्वतः मोजून बघ. मग शहरातल्या कुठल्याही डोळ्यांच्या दवाखान्यात जा, माझं नाव सांगू नकोस, आणि फील्डची, म्हणजे त्या वाडग्याच्या यंत्रातली, तपासणी करून घे. वीस मिनिटं लागतात, दुखत नाही, तुला ती पूर्वी आवडायची. नंतर घरी यायचं नसलं तर येऊ नकोस, बोलायचं नसलं तर बोलू नकोस. पण तुझा कागद पांढरा आला तर तेवढा पाकिटात घालून पाठव, बरोबर एक अक्षरही नको. मी पुन्हा खोटा ठरलो असं समजेन आणि ते पाकीट जपून ठेवीन. खोटं ठरण्याची इतकी आस मला कधीच लागली नव्हती.

तुझाच,
बाबा